बिनआवाजाची बोट

बातमी दोन कॉलमी होती. सोबत फोटो होता: धरणाच्या काठाशी पाण्यावर पसरलेला डिझेलचा तवंग. फोटो कृष्णधवल छापला गेला, त्यामुळे तवंगातले रंग दिसले नाहीत. ते मी मजकुरात लिहिले होते. पिण्याचे पाणी, पलीकडच्या वाडीला जाणारी जुनी मोटरबोट, तिचे गळके इंजिन. एका अभियंत्याला फोन करून प्रतिक्रिया घेतली होती. बातमीत चुकीचे वाक्य एकही नव्हते.

आठवडाभरात संबंधित कार्यालयाने आदेश काढला: डिझेल इंजिन असलेली कोणतीही बोट पाण्यात उतरवू नये. आमच्या वर्तमानपत्राने ‘बातमीचा परिणाम’ अशी चौकट छापली. मी ती कापून फाइलला लावली.

नव्वदच्या दशकात मी मुंबईत उपसंपादक होतो. पुढे मुंबई आवृत्ती बंद झाली आणि मी मुरबाडला येऊन तालुका वार्ताहर झालो. शेजारचा शहापूर तालुकाही माझ्याकडेच होता. एसटी स्टँडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली होती. लग्न झाले नव्हते, त्याची कारणे इथे सांगण्यासारखी नाहीत. दिवसातला पहिला शब्द मी साधारणपणे चहाच्या टपरीवर उच्चारत असे आणि तो ‘एक’ असे. बातम्या फॅक्सने जात. बोलावे लागे ते प्रश्न विचारण्यापुरते.

आदेशानंतर दहा-बारा दिवसांनी बोटवाला माझ्या खोलीवर आला. पन्नाशीचा, काटक माणूस. धरणाच्या अलीकडच्या गावातला. त्याच्या वडिलांनी छप्पन सालानंतर धर्मांतर केले होते. भाऊ वाशिंदच्या कारखान्यात कायम होता, हा बोटीवर राहिला होता. अठरा वर्षे तो लोकांना वाडीपासून रस्त्यापर्यंत आणि परत नेत होता. तो दारातच उभा राहिला.

“तुमीच का पत्रकार?”

“हो. बसा ना काका.”

“बसायला नाय आलू. बातमी झ्याक लिव्हलीत. आमच्या इंजिनाचा फोटू आमच्या घरात नाय, तुमच्या पेपरात हाय.”

 त्याने खिशातून आदेशाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली आणि वाडीतल्या एका बाईबद्दल सांगितले. तिशीची, विधवा, सासूजवळ राहणारी. तिला क्षय होता. औषध सुरू होऊन महिना झाला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस अलीकडच्या उपकेंद्रात येऊन, नर्सच्या समोर गोळ्या गिळायच्या, असा नियम होता. घरी नेऊन घ्यायला गोळ्या देत नसत. बोटीने अर्धा तास लागत असे. पाण्याला वळसा घालून चालत यायचे तर चौदा किलोमीटर, त्यातला निम्मा चढ.

“दोनदा आली चालत. तिसऱ्या येळेला मधीच बसली आन् परत घरी गेली. सिस्टर म्हनते, आसा खंड पडत रायला तर पयल्यापासून चालू करायला लागंल, सुया टोचून.” तो थांबला. “तुमी वाडीवर गेलता का कदी?”

“नाही.”

“हां,” तो म्हणाला. बोलायचे होते ते झाले, अशा रीतीने त्याने पायात चपला सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला त्या कार्यालयात गेलो. आदेश मागे घेतला जाणार नाही, हे पाच मिनिटांत कळले. वल्ह्यांची गोष्ट निघाली. पण ती बोट पत्र्याची आणि जड होती, आणि दुपारनंतर धरणावर वारा उठतो. वल्ह्यांवर ती वाडीला लागणे कठीण होते. निघताना एक कारकून हसून म्हणाला, “बॅटरीवर चालवा की. आमच्या कागदात फक्त डिझेल लिहिलंय.”

तो थट्टा करत होता. मी ते वहीत लिहून घेतले.

मला यंत्रातले काही कळत नव्हते. बातमीसाठी विचारतो तसे विचारत गेलो. वाशिंदला भंगाराच्या एका आवारात कारखान्यातून काढलेली बॅटरीवरची छोटी गाडी पडली होती, माल उचलून ठेवायची. तिची मोटर चोवीस व्होल्टची होती आणि गंजलेली होती. शेजारीच मोटरी भरून देणाऱ्या कारागिराचे दुकान होते. त्याने ती उघडली, आतले कार्बन बदलले, तांब्याचा भाग घासून चकचकीत केला आणि विचारले, “पंपाला लावताय?”

“बोटीला.”

त्याने पाना खाली ठेवला. “मग साहेब, बुडाली तर माझ्याकडं आणू नका. फोटो काढून हार घाला.”

मोटर शहापूरमार्गे दोन जीपगाड्या बदलून आणली. एका जीपमध्ये तिच्यासाठी एका माणसाचे भाडे द्यावे लागले. बॅटऱ्या मुरबाडच्या एका दुकानातून मिळाल्या, ट्रकच्या जुन्या, चार. नव्या घेणे परवडणारे नव्हते. दुकानदाराने त्यांतले पाणी बदलले, काचेची नळी बुडवून प्रत्येक कप्पा तपासला आणि सांगितले की या निम्म्या जोमाच्या आहेत, त्यांच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षा धरू नका. मी म्हटले, तेवढे पुरे.

बाकी काम बोटवाल्याने केले. डिझेल इंजिन उतरवताना त्याने मला हात लावू दिला नाही. इंजिनाच्या जागी मोटर बसवली, पण तिचा वेग बोटीच्या पंख्याला जास्त होता. तेव्हा त्याच्या गावातल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचे मोठे चाक आणि पट्टा आणला आणि मोटरचा वेग त्यावरून निम्म्यावर उतरवला. वेग बदलायला दुसरे साधन नव्हते. म्हणून एक मोठा लोखंडी खटका लावला: एका बाजूला टाकला की बॅटऱ्यांचा अर्धाच जोर मिळे आणि बोट सावकाश जाई; दुसऱ्या बाजूला टाकला की पूर्ण. पहिल्यांदा चारही बॅटऱ्या मागे ठेवल्या तर बोटीचे नाक वर उचलले गेले. दोन पुढे आणल्या तेव्हा ती सरळ झाली.

तीन आठवडे गेले. ती भारनियमनाची वर्षे होती. वीज कुठल्या फिडरला किती ते किती जाणार याचे वेळापत्रक आमच्या पेपरात माझ्याच नावाने जात असे. आता ते मी पहिल्यांदा स्वतःसाठी वाचले. बॅटऱ्या गिरणीच्याच खोलीत चार्ज व्हायच्या होत्या आणि बोटीच्या फेऱ्या विजेच्या वेळेवर ठरणार होत्या. एका चार्जवर वाडीच्या दोन फेऱ्या, सावकाश गेल्यास. पूर्ण जोराचा खटका वाऱ्यापुरता राखून ठेवायचा.

आदेशापासून त्या बाईच्या पाच खेपा चुकल्या होत्या; बाकीच्या तिने थांबत थांबत चालत केल्या होत्या. हे मला नर्सने सांगितले. कार्डावरचे पाच रिकामे चौकोन तिने मला दाखवले. नर्स बदलापूरहून जा-ये करीत असे. ती म्हणाली, “बातमी लिहायला आलाय का?”

“नाही.”

“मग ठीक आहे. सोमवारी तिला आणा. दोनपर्यंत थांबेन मी.”

चाचणी रविवारी सकाळी झाली. बोटवाल्याने खटका टाकला. बोट काठापासून सुटली आणि पाण्यावरून पुढे गेली. पट्ट्याची बारीक सळसळ सोडता काही ऐकू येत नव्हते. तो थोडा वेळ सुकाणू धरून बसला, मग वाकून त्याने मोटरवर तळहात ठेवला.

“काय झालं?”

“चालू हाय का बगतो.”

“बोट चाललीय की.”

“चाललीय, पन कोन चालवतंय ते समजत नाय. मुकी झाली वो ही.” मग तो हसला, मला भेटल्यापासून पहिल्यांदा. “डिझेलला तोंड होतं. गावात बायको वळखायची, मी कुटं पोचलू ते.”

हे वाक्य मी ऐकले. त्याचा अर्थ मला तेव्हा लावता आला असता. लावला नाही.

सोमवारी बोट सुरू होणार हा निरोप शनिवारच्या बाजारात वाडीच्या एका माणसाजवळ दिला होता. अकराला आम्ही निघालो. साडेअकराला वाडीच्या काठाला लागलो. वाडी काठावर नाही. वीसेक मिनिटे चढून, झाडीच्या मागे आहे. खालून तिचे एकही घर दिसत नाही. काठावर कोणीही नव्हते. एक लाकडी खुंटा, त्याला बांधलेली साखळी, आणि दगडावर कोणीतरी कधीतरी विसरलेली प्लास्टिकची चप्पल.

पंधरा मिनिटे थांबलो. वारा उठायला लागला होता. बोटवाल्याला बोट सोडून जाता येत नव्हते, ती दगडावर आपटत होती. तो म्हणाला, “हाक मारा.”

मी थोडा वर चढलो आणि हाक मारली, “बोट आलीये!” माझा आवाज मलाच परका वाटला. इतक्या मोठ्याने मी शेवटचे कधी ओरडलो होतो, आठवले नाही. उत्तर आले नाही. मी पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. समोरच्या डोंगरावरून ती परत आली, एवढेच.

पाऊण वाजेपर्यंत थांबलो. मग वारा इतका झाला की पूर्ण जोराचा खटका टाकल्याशिवाय परतता येणार नाही हे दिसू लागले आणि बॅटऱ्यांत तेवढेच शिल्लक होते. आम्ही निघालो. उपकेंद्रात नर्स दोन वाजेपर्यंत थांबली होती. कार्डावर सहावा चौकोन रिकामा राहिला.

परतताना बोटवाला एवढेच बोलला, “तिला नसंल यायचं.” मला ते पटले. अशा माणसांबद्दल मी बातम्या लिहिल्या होत्या: ‘रुग्णांची उदासीनता’.

त्या संध्याकाळी मी खोलीवर बसून फाइल काढली. ती बातमी पुन्हा वाचली. तिच्यात अभियंता होता, कार्यालय होते, पाणी पिणारे शहर होते. वाडी एका ओळीत होती आणि त्या ओळीत माणूस नव्हता.

मंगळवारी मी वळसा घालून चालत वाडीवर गेलो. चौदा किलोमीटरला मला साडेचार तास लागले आणि माझी फुप्फुसे धड होती.

बारा-तेरा घरे होती. तिचे घर शोधावे लागले नाही. अंगणात खाटेवर ती बसलेली होती, डोक्यावरून पदर, गालांची हाडे वर आलेली. शेजारी सासू करवंदाच्या पाट्या विणत होती. मी कोण ते सांगितले. सासूने हात थांबवला नाही.

“काल बोट आली होती,” मी म्हणालो.

“आमाला नाय समजली,” सासू म्हणाली.

“निरोप मिळाला नाही का?”

“निरोप मिळाला. सकाळपासून तयार होऊन बसलीवती ती. बोट आली का आईकू येते. डोंगराच्या नाकाडाला वळसा घातला का धडधड सुरू व्हते, मंग आमी उतरतो. बोट काठाला लागंस्तवर मानूस काठाला जातंय. काल नाय आईकली.”

मी हाका मारल्या होत्या, ते सांगितले.

सासूने पहिल्यांदा वर पाहिले. “त्या तुमच्या का?”

“ऐकल्या तुम्ही?”

“आईकल्या. दोन.” तिने दोन बोटे वर केली. “दोन हाका आल्या पान्याकडून. ही उठली व्हती. मी हात धरला. म्हटलं बस गो, तिसरी येऊ दे.”

मग तिने समजावून सांगितले, लहान मुलाला सांगावे तसे. जुने गाव पाण्याखाली आहे. घरे, वाडे, देवाची जागा, पुरलेली माणसे, सगळे. पाण्याच्या बाजूने हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. पाण्यातले दोनदाच बोलावतात. तिसरी हाक माणसाची. धरण भरले तेव्हापासून वाडीत हे सर्वांना ठाऊक आहे, लेकरांनासुद्धा.

“बोटवाल्याला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

“त्याला कशाला ठाव आसंल? त्याची बोटच वरडायची.” ती पुन्हा विणू लागली. “तो आसलं मानत बी नाय. आमी त्याला सांगितलं नाय, त्यानं इचारलं नाय.”

खाटेवरची बाई तेव्हा बोलली. आवाज बसका होता. “मी म्हनत व्हते आत्याला, जाऊ दे. गोळी नाय म्हनून मरायचं, नायतर हाकेला ओ दिली म्हनून मरायचं, येकच.” तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, “पन वाट बगितली आमी तिसरीची. लय येळ बगितली.”

मी वही काढली नव्हती. ती पिशवीतच राहिली.

निघताना सासू म्हणाली, “उद्या येनार ना? तीन मारा. आन् तुमीच मारा. आज याची, उद्या त्याची, आसं नको. आवाज वळखीचा लागतो.”

बुधवारी बाराच्या सुमारास आम्ही काठाला लागलो. बोटवाल्याला मी सगळे सांगितले होते. तो म्हणाला, “अठरा वरसं. एकानं बी सांगितलं नाय बगा.” त्याला राग आला होता की वाईट वाटले होते, ते मला कळले नाही.

मी त्याच जागी चढलो. एक हाक मारली. थांबलो. दुसरी मारली. थांबलो. मग तिसरी मारली.

वरून, झाडीच्या मागून, कुकारा आला. डोंगरातली माणसे एकमेकांना देतात तसा, लांब, शेवटी वर उचललेला. मग दुसऱ्या आवाजात आणखी एक. वीस मिनिटांनी ती उतरली, सासूच्या खांद्याला धरून. बोटीत बसताना तिने मोटरकडे पाहिले आणि बोटवाल्याला विचारले, “ही मेली का रं दादा?”

“झोपलीय,” तो म्हणाला. “झोपेत चालते.”

त्या दिवशी कार्डावर खूण झाली.

पुढचे सहा-सात महिने मी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी धरणावर असे. मुरबाडहून सकाळची जीप, मग गिरणीवरून बॅटऱ्या उचलणे, मग बोट. वीज वेळापत्रकाप्रमाणे आली नाही तर वाट पाहणे. बातम्या मी उरलेल्या दिवशी लिहीत असे आणि त्या कमी होत गेल्या. कार्यालयातून एकदा विचारणा झाली, मी प्रकृतीचे कारण दिले. बोटवाल्याने मला बॅटऱ्यांतले पाणी तपासायला शिकवले नाही, ते मीच दुकानदाराकडून शिकलो. त्याने मला गाठ मारायला शिकवली. आमच्यात फार बोलणे होत नसे. पावसाळ्यात पाणी चढले आणि वाडीचा काठ जवळ आला. माझ्या हाकेची जागा दरवेळी थोडी वर सरकत होती. एका आठवड्यात मला ताप होता आणि बोटवाला एकटाच गेला. त्याने तीन हाका मारल्या. उत्तर आले नाही. चौथ्या हाकेला त्याने स्वतःचे नाव घेऊन शिवी दिली, तेव्हा सासू उतरली.

“शिवी वळखली,” ती त्याला म्हणाली.

दिवाळीच्या जरा आधी तिचे औषध पुरे झाले. थुंकीची तपासणी स्वच्छ आली. नर्सने कार्ड तिच्या हातात दिले. बोट बंद होती तेव्हाचे सहा रिकामे चौकोन त्यात तसेच होते. परतीच्या फेरीत ती पुढच्या बॅटरीवर फळी टाकून बसली होती. वजन थोडे वाढले होते. काठाला उतरल्यावर ती मला म्हणाली, “आता माज्यासाटी हाक मारू नका हां दादा. कामाशिवाय लोकं उतरायची.” मग चढू लागली. वळणापाशी ती थांबली का, हे मी पाहिले. थांबली नाही.

बोट त्यानंतर दोन उन्हाळे चालली, बाजाराला जाणाऱ्यांसाठी. मी जाणे कमी केले. काही कारण उरले नव्हते. माझ्या जागी वाडीतलाच एक माणूस बोटीबरोबर जाऊ लागला. बॅटऱ्या दम सोडत गेल्या. मग वाडीपर्यंत रस्ता झाला, कच्चा, पण जीप जाणारा. त्या उद्घाटनाची बातमी मी दिली. एक कॉलम.

रस्ता झाल्यावर बोटवाल्याचा निरोप आला: वाडीच्या काठावरचा खुंटा आणि साखळी त्याची आहे, ती आणायची आहे, येता का. बॅटऱ्यांमध्ये एका फेरीपुरते होते. आम्ही दोघे गेलो. काठ रिकामा होता. तो साखळी सोडवायला बसला, गंजलेली कडी उघडेना, तो दगडाने ठोकत राहिला.

मी वर चढलो, जुन्या जागी. एक हाक मारली. थोड्या वेळाने दुसरी मारली. ठोकणे थांबले. बोटवाला खालून बघत होता.

“मारा की अजून येक.”

तिसरी मारली असती तर कोणाला तरी काम सोडून वीस मिनिटे उतरावे लागले असते. आणि उतरल्यावर त्यांनी विचारले असते, काय काम आहे?

मी खाली आलो. त्याने साखळी बोटीत टाकली आणि सावकाशीचा खटका टाकला. परतण्याइतका चार्ज होता.